चाळीस सेकंदांची किल्ली

९ नोव्हेंबर, रविवार

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. आईची साखर आटोक्यात आहे, डावा गुडघा कुरकुरतो, कान पूर्वीसारखेच तिखट. मी कामात. तू, तुझ्या दवाखान्यातल्या ड्यूट्या आणि घरचे सगळे बरे असाल असं धरून पुढे लिहिते.

फोन केला नाही, कारण फोन मध्येच ठेवता येतो. पत्रही ठेवता येतं, पण ते नंतर परत उचलता येतं.

आधी काय घडलं ते क्रमाने देते. कारणं नंतर.

१. मंगळवार, ४ नोव्हेंबर. दुपारी तीन वाजता 'शेजारची किल्ली' या मालिकेचा शेवटचा भाग, क्रमांक १५६, आमच्या स्टुडिओत आईला ऐकवला. हजर: आई, आमचे ध्वनिविभागाचे प्रमुख (त्यांना सगळे मास्तर म्हणतात) आणि मी.

२. बाविसाव्या मिनिटाला दार लागल्याचा आवाज येतो. आईने हात वर केला. म्हणाली, "थांबव. परत लाव." तीनदा लावला.

३. आई म्हणाली, "हेच ते दार."

४. मग म्हणाली, "पण वर्णनात चपला कुठे आहेत? तिने चपला हातात घेतल्या होत्या ना?"

५. मास्तर म्हणाले, "नाही हो बाई. त्या प्रसंगात माणूसच दिसत नाही. चाळीस सेकंद टेबलावर नुसती किल्ली आहे."

६. निघताना आईने मला विचारलं, "दाराचा आवाज कुठून आणलास?" मी म्हटलं, "आमच्या संग्रहातून." हे खोटं आहे.

७. बुधवारी सकाळी चहा पिताना तिने विचारलं, "ताई त्या दिवशी नक्की किती वाजता गेली गं?" मी कप विसळायला उठले.

एवढंच घडलं.

आता तुला माहीत नसलेलं. गेली तीन वर्षं मी जुन्या मालिकांच्या टेप दुरुस्त करते. बुरशी साफ करायची, चित्र स्थिर करायचं, आवाजातली खरखर काढायची. यंदा वाहिनीने आणखी एक काम दिलं: ज्यांना दिसत नाही अशा प्रेक्षकांसाठी बोलकं वर्णन. दोन संवादांच्या मधल्या जागेत एक आवाज सांगतो, कोण आलं, कोण उठलं, कोणाच्या हातात काय आहे. म्हणजे तू आईला आठ वर्षं जे करून दिलंस तेच. फक्त तुला त्याचा पगार नव्हता.

वर्णन तपासायला अंध श्रोत्यांचा एक गट बोलावला. त्यात आई निघाली. मी तिला सुचवलं नव्हतं. ती गटात आधीपासूनच होती, आणि 'शेजारची किल्ली'चं नाव ऐकल्यावर तिने बाकीच्यांना तोंड उघडू दिलं नाही.

ताई, कामासाठी मी सगळे १५६ भाग परत पाहिले. तू किती सुधारून सांगायचीस हे आत्ता कळलं.

भाग ४१. शेजारच्या काकूंचा मुलगा दोन आठवड्यांच्या गावप्रवासाहून परत येतो तो चक्क दुसराच नट. आई लगेच म्हणाली होती, "याचा आवाज बदलला." आणि तू डोळ्यांची पापणी न हलवता, "गावाला घसा बसला त्याचा. डॉक्टर म्हणाले, आता हाच राहील." आईने शुक्रवारी टेलिफोन एक्स्चेंजमधल्या सगळ्या ऑपरेटर बायकांना ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "अहो, माणूसच बदलला!" आईने घरी येऊन तुला कान धरून उभं केलं आणि स्वतःच इतकी हसली की तिला बसावं लागलं.

आणि काकू. काकू चिडल्या की कॅमेरा त्यांच्या तोंडावर तीनदा धावून जायचा, प्रत्येक वेळी ढोलाच्या ठोक्यासकट. त्याचं तू केलेलं वर्णन: "काकू बघतात. काकू अजून बघतात. काकूंचं बघून संपतच नाही." आमच्या अधिकृत वर्णनात मी लिहिलं होतं: 'काकूंच्या चेहऱ्यावर संताप.' आईने ऐकून मान हलवली. "बरोबर असेल. पण मजा नाही." मास्तरांनी तुझं वाक्य घेतलं. भाग १२ पासून पुढे तेच आहे.

तेव्हा तुझी जागा आईच्या उजव्या हाताला, स्टुलावर. माझी जमिनीवर. मी मधेच काही सांगायला गेले की तू म्हणायचीस, "शेपूट, गप्प. एका वेळी एकच डोळा." मला ते काम हवं होतं. तू कधी आजारी पडशील याची मी वाट बघायचे. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही, कारण तसं काही कारण पडलं नव्हतं.

आता दाराकडे येते.

आईला त्या मालिकेतली दारं पाठ आहेत. नायिकेचं, म्हणजे टेलरबाईंचं, दार धाडकन लागतं, काकूंचं किरकिरतं. तिचं बरोबर आहे. १५६ भागांत दाराचे दोनच आवाज आहेत, तेच ते फिरवून वापरलेत. पण आई वीस वर्षं सगळ्यांना सांगते आहे की शेवटच्या भागात एक तिसरं दार होतं. "लाकडी. खालून घासणारं. अगदी आपल्यासारखं."

तू शेवटचा भाग पाहिला नाहीस, म्हणून शेवट सांगते. टेलरबाई तीन वर्षं सांभाळलेली शेजारच्या घराची किल्ली काकूंच्या टेबलावर ठेवतात. मग कॅमेरा किल्लीवरून हलत नाही. चाळीस सेकंद. कुणी दिसत नाही, कुणी बोलत नाही, मागे एक सतार. टेलरबाई घर सोडून गेल्या की तिथेच थांबल्या, यावर लोक अजून भांडतात. वाहिनीकडे त्याची पत्रं आहेत, एक तर अठरा पानी. आईचं मत ठाम होतं: "गेली. दार लागलं. मी ऐकलं."

त्या भागाची आवाजांची वेगळी टेप हरवलेली आहे. त्यामुळे मास्तरांना आईचं म्हणणं म्हणजे घबाड वाटलं. ऑक्टोबरमध्ये ते मला म्हणाले, "बाईंचे कान म्हणजे आपलं मोजमापाचं यंत्र. बनव ते दार." तेव्हाच मी म्हणायला हवं होतं की तिथे दार नव्हतं. मी म्हटलं, "बनवते." आणि पुढच्या शनिवारी आई श्रोत्यांच्या बैठकीला गेलेली असताना घरी जाऊन आपलं पुढचं दार चौदा वेळा लावलं आणि रेकॉर्ड केलं.

ते दार अजून तेच आहे. सुताराने मागे एकदा खालून रंधा मारून देतो म्हटलं होतं, आईने हाकलला. "घासू दे. कोण आलं कोण गेलं तेवढं तरी कळतं."

मी चौदातला नववा आवाज निवडला. हळू, जपून ओढून घेतलेलं दार. तू जसं ओढलं होतंस तसं.

आता तो गुरुवार. हे मी वीस वर्षांत कुठेही लिहिलेलं नाही, त्यामुळे सांभाळून लिहिते.

तुझं आणि आईचं चार दिवस बोलणं बंद होतं. तुला परगावच्या नर्सिंग शाळेचं पत्र आलं होतं आणि आई म्हणाली होती, "जा. डोळे घेऊन जा माझे." तू आतल्या खोलीत दार लोटून असायचीस. मला नऊ वर्षं पूर्ण होती. संध्याकाळी तू मला आत बोलावलंस आणि म्हणालीस, "आज तू सांग आईला मालिका. नीट सांग." बॅग मला दिसली होती. मी विचारलं नाही. मला स्टूल मिळालं होतं.

आईला कामावरून यायला उशीर झाला. ती आली तेव्हा सुरुवातीचं गाणं वाजत होतं. तिने "कुठे आहे ती?" असं विचारलं नाही, आतला कानोसा घेतला नाही. सरळ बसली. मी बावीस मिनिटं अचूक सांगितलं. आता तो भाग पुढ्यात आहे, मी ताडून पाहिलंय, एकही चूक नाही.

मग किल्ली आली. मी म्हटलं, "टेबलावर किल्ली आहे." आई म्हणाली, "मग?" मी म्हटलं, "किल्ली." आई म्हणाली, "अगं, पुढे काय?" पुढे काहीच नव्हतं. तू असतीस तर काहीतरी रचलं असतंस. मला रचता येत नाही. जे दिसतं तेवढंच सांगता येतं.

आणि तेवढ्यात तू आतून बाहेर आलीस.

मी म्हटलं, "ती बाहेर आली. तिच्याकडे बॅग आहे. चपला हातात घेतल्यात." आई पुढे सरकून बसली. "मग?" "आपल्याकडे बघते आहे." तू खरंच बघत होतीस, आईच्या खुर्चीमागे उभी राहून. "मग?" "ती चालली."

दार लागलं.

आईने मान वळवली. म्हणाली, "आपलं दार वाजलं का गं?"

मी म्हटलं, "नाही. त्यातलं. टेलरबाई गेली."

का म्हटलं, हे मी पुष्कळदा तपासलं आहे. तुला वाचवायला नाही. आईला दुखवायचं नव्हतं म्हणूनही नाही. मालिका संपायला थोडंच उरलं होतं आणि आई उठली असती तर माझं सांगणं अर्धं राहिलं असतं. याहून बरं कारण मला सापडलेलं नाही.

आईच्या कानांनी ते दार बरोबर ओळखलं होतं. तिने माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवला.

शेवटचं गाणं संपल्यावर आईने आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली. "संपली बघ मालिका. आता तरी बाहेर ये. चार दिवस झाले, पुरे झाला तुझा राग." तिचा आवाज नरम होता. बोलणं तिनेच आधी सुरू केलं, ताई. आतून उत्तर आलं नाही तेव्हा मी म्हटलं, "ताई गेली." "कधी?" "तू कामावर होतीस तेव्हा."

हे दुसरं. पहिल्याला झाकायला घातलेलं. मला वाटलं, तू उद्या परवा येशील आणि सगळं आपोआप मिटेल.

आई वीस वर्षं एकच वाक्य म्हणते: "मी घरात असताना जायची तिची छाती झाली नाही. माझी पाठ बघून गेली." तुझी पत्रं मी वाचून दाखवायचे तेव्हा ती ऐकायची, घडी घालायची आणि डब्यात ठेवायची. उत्तर सांग म्हटलं की म्हणायची, "पाठीमागे गेलेल्यांशी पाठीमागेच बोलावं." चार वर्षांनी तुझी पत्रं थांबली. तो डबा अजून तिच्या कपाटात आहे, आणि त्याला हात लावलेला तिला चालत नाही.

आता तुझं म्हणणं. दहा वर्षांपूर्वी आपण बसस्टँडसमोरच्या चहाच्या दुकानात भेटलो. मी एकोणीस वर्षांची, परीक्षेला आले होते. तू मला सांगितलंस की तू लगेच गेली नव्हतीस. दार ओढून तू जिन्यात बाराव्या पायरीवर थांबलीस, शेवटचं गाणं संपेपर्यंत, आणि आणखी थोडं. आईने नुसती हाक मारली असती तरी तू वर आली असतीस. तू म्हणालीस, "तू तिला सांगत होतीस ना शेपूट, मी ऐकलं. बॅग आहे म्हणालीस, चपला हातात आहेत म्हणालीस, ती चालली म्हणालीस. सगळं ऐकून ती बसून राहिली. तुझ्यावर राग नाही माझा. तू तर सांगितलंस."

मी चहा ढवळत होते. साखर घातलेली नव्हती. आपण मालिकेत असतो तर कॅमेरा तीनदा माझ्या तोंडावर धावून आला असता, आणि तुला कळलं असतं. तू बिल दिलंस आणि माझ्या बसची खिडकी पुसून दिलीस.

शेवटचं गाणं एक मिनिट बावन्न सेकंदांचं आहे. मी कामाच्या टेबलावर मोजलं. मी "तू कामावर होतीस तेव्हा" म्हटलं ते त्यानंतर दहा-पंधरा सेकंदांनी असेल. तू "आणखी थोडं" म्हणालीस. म्हणजे बहुतेक तू अजून जिन्यातच होतीस. आईची हाकही तुझ्यासाठीच होती, फक्त ती उलट्या दिशेला, रिकाम्या खोलीकडे मारलेली. बंद दारापलीकडे ती पोचली नसणार.

दोघी एकमेकींवर ज्या गोष्टीसाठी रागावल्या आहात ती झालेलीच नाही. हे माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. पंधराव्या वर्षी मला निम्मं, आईच्या बाजूचं, कळलं होतं आणि एकोणिसाव्या वर्षी पूर्ण. त्यानंतरची दहा वर्षं लहान होते म्हणून सोडून देण्यासारखी नाहीत. ती माझ्या नावावर धर.

परवा, शुक्रवारी, मी त्या भागातून दार काढलं. मास्तरांना जाऊन सांगितलं की मूळ भागात तिथे कुठलाही आवाज नव्हता, मी घातलेला आवाज घरी रेकॉर्ड केलेला आहे आणि नोंदीत मी 'संग्रहातून' असं खोटं लिहिलं आहे. त्यांनी हेडफोन काढून गळ्यात अडकवले.

"मग बाईंनी वीस वर्षं काय ऐकलं?"

मी म्हटलं, "आमचं."

त्यांनी पडद्यावरच्या किल्लीकडे बघितलं. मग म्हणाले, "मला कशाला सांगतेस? नोंद मी दुरुस्त करतो. जिला सांगायचं तिला सांग." आणि थोड्या वेळाने, "नोकरीचं सोमवारी बघू." तो सोमवार उद्या आहे. त्यात तू काही करू शकत नाहीस, म्हणून त्याबद्दल लिहीत नाही.

दुरुस्त केलेला भाग २२ तारखेला श्रोत्यांच्या गटापुढे लावणार आहेत. आई जाणारच. तिथे दार लागणार नाही, आणि आईला सत्तर लोकांमध्ये बसून ते कळेल. खरं सांगायचं तर तिला आत्ताच कळलेलं आहे असं मला वाटतं. बुधवारपासून ती मला काही विचारत नाही. काल संध्याकाळी मी पोचले तेव्हा पुढच्या दारात उभी होती. दार हळू ओढायची, उघडायची, परत ओढायची. मी जिन्यातच थांबले. सहा वेळा केलं तिने. मग आतूनच म्हणाली, "धाकटे, वर ये. किती वेळ उभी राहशील?"

जेवताना आम्ही हवामानावर बोललो.

म्हणून असं ठरवलं आहे. येत्या रविवारी, १६ तारखेला, सकाळी अकरा वाजता मी आईला माझी दोन्ही वाक्यं सांगणार. "त्यातलं" आणि "तू कामावर होतीस तेव्हा". यासाठी मी तुझी परवानगी मागत नाही. ती खोटी वाक्यं माझी आहेत.

जिना मात्र तुझा आहे. तू तिथे थांबली होतीस, हाकेची वाट बघत होतीस, हे तू मला एकटीला सांगितलं होतंस. ते मी आईला सांगितलं नाही, तर तिला एवढंच कळेल की तू तिच्या खुर्चीमागून न बोलता निघून गेलीस. सांगितलं, तर तिला हेही कळेल की ती चार पावलं चालली असती तर तू परत आली असतीस. यातलं तिला जास्त काय लागेल याचा अंदाज मला करता येत नाही. तिला तू माझ्याहून आठ वर्षं जास्त वर्णन करून सांगितलं आहेस. तिला काय सांगायचं आणि काय गाळायचं, हे तुला कळतं.

माझ्यावर रागाव. ते वेगळ्या पत्रात लिहिलंस तरी चालेल, मी पूर्ण वाचेन. पण आधी याचं उत्तर दे. जिन्याचं सांगू की नको? आणि सांगायचं असेल तर ते मी सांगू, की रविवारी अकराला आईच्या फोनवर तू स्वतः सांगशील? तिचा नंबर बदललेला नाही.

पत्र तुला बुधवारपर्यंत मिळेल. शनिवारी, १५ तारखेला, संध्याकाळी पाचपर्यंत मला उत्तर पाठव. एक शब्द पुरे. 'नको' असला तरी पाठव.

तुझी, तू म्हणशील तर,
धाकटी बहीण